वन्संच्या चुलीवरची भाकरी

"मान वर कर जरा. हलू नकोस."

मयुरीनं मान वर केली नाही, उलट खांद्यांत घालून घेतली. मी तिला मोरीत पाटावर बसवलं होतं आणि तिच्या मानेमागचा काळा पट्टा घासत होते. साबण झाला होता, बेसन-हळद झाली होती, आदल्या रविवारी लिंबाची फोडही चोळून झाली होती. मान लाल झाली, पण पट्टा काही हटेना. मखमलीसारखा जाडसर पट्टा, दोन्ही कानांखालून निघून मागं एकमेकाला भेटणारा.

"दुखतंय, मावशी."

"झालंच. एवढं शेवटचं."

"मी रोज धुते. खरंच धुते. तरी वर्गातली पोरं म्हणत्यात, हिला आई न्हाई म्हणून मळ साचलाय."

माझा हात थांबला. तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला, "तासून काढणार हाईस काय पोरीला?"

वन्सं उभ्या होत्या. हौसाक्का, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. दोन दारं सोडून एकट्याच राहायच्या. नवरा कधीच गेला होता, एकुलती लेक निपाणीला दिलेली. दिवसभर मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायच्या आणि येता-जाता भावाच्या घरात एक डोकावणी असायचीच.

"मळ काढतेय, वन्सं."

"चार म्हैन्यात एवढा मळ? लता असताना पोरीची मान आरशावाणी होती." त्यांनी पदराखालून बिस्किटाचा पुडा काढला आणि मोरीतच मयुरीच्या ओल्या हातात दिला. "खा, बाळा. रडू नको."

मयुरीनं डोळे पुसायच्या आधी पुडा फोडला.

इचलकरंजीत मी नवीन होते. मूल होत नाही म्हणून पहिल्या घरानं मला माहेरी परत पाठवलं होतं. जतकडच्या आमच्या गावात भावाच्या शेळ्या राखण्यात काही वर्षं गेली, मग हे स्थळ आलं. माणूस बिजवर, यंत्रमागावर कामाला, पदरात नऊ वर्षांची मुलगी. पहिली बायको लता क्षयानं वर्षभर अंथरुणाला खिळून गेलेली. भाऊ म्हणाला, "लेकरू आयतंच हाय तिथं. तुझं नशीबच समज." मलाही तसंच वाटलं. आल्या दिवशी मयुरी दारामागून माझ्याकडं बघत होती. गोल चेहरा, गोल हात, चालली की धाप लागायची. मला ती फार आवडली. सगळ्यांनी सांगितलं, बापानं पोरगी कशी लाडात वाढवलीय बघ, खात्यापित्या घरची दिसते.

पण त्या रविवारी मोरीतलं तिचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. सोमवारी शाळा सुटल्यावर मी तिला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर मगदूमबाई तिथं बसायच्या. मी म्हटलं, "हिच्या मानेचा मळ जाईना. काहीतरी मलम द्या."

बाईंनी मान बघितली. मग तिला काट्यावर उभं केलं, भिंतीला लावून उंची घेतली, काखेत बघितलं. मला म्हणाल्या, "घासताय का हे?"

"दर रविवारी."

"आता घासू नका. हा मळ नाही. अंगात चरबी फार झाली, की साखर जिरवताना शरीराला दुप्पट कष्ट पडतात. त्याची खूण अशी मानेवर उमटते."

"साखर? एवढ्याशा पोरीला?"

"अजून झालेली नाही बहुतेक. रक्त तपासून घेऊ. पण पाऊल त्या वाटेवर पडलंय." मग त्या मयुरीकडं वळल्या, "दिवसभरात काय काय खातेस गं?"

मयुरीनं आनंदानं सांगितलं. सकाळी बाबा आणतात ते वेफर्सचं पाकीट, चहा-खारी, शाळेच्या सुट्टीत वडापाव, आत्याकडं बिस्किटं, संध्याकाळी भात, आणि पगाराच्या दिवशी थंड्याची बाटली.

मी घाबरून म्हटलं, "मग उपाशी ठेवू का तिला?"

"मुळीच नाही! वाढीचं वय आहे तिचं. आणि तिला एकटीला काही बंद करायचं नाही, हे नीट ऐका. तुम्ही सगळे खारी खाणार आणि तिला म्हणणार, तू भाकरी खा, तर ती चोरून खाईल. घराचं जेवण बदला. तुमच्या गावाकडं काय खात होता?"

"भाकरी, मटकी, हुलगे. रानातली पालेभाजी. शेंगा."

"तेच करा. पाकिटं आणि बेकरीचं रोजचं नको. आणि संध्याकाळी हिला घरात बसवू नका, खेळायला सोडा. आणखी एक. हिला जाडी म्हणायचं नाही. घरातल्यांनी तर नाहीच."

मयुरीला एवढंच कळलं होतं की मळ नाही. दवाखान्यातून घरापर्यंत ती भेटेल त्याला सांगत सुटली. पेरूवाल्या आजीला, पाण्याच्या नळावरच्या बायकांना, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला. "मळ न्हाई. डॉक्टरबाईंनी बघितलंय."

माझा नवरा बाबासो रातपाळी करायचा. सकाळी घरी यायचा तेव्हा केसांवर सुताचे तंतू चिकटलेले असायचे आणि विजारीच्या खिशात दोन पाकिटं असायची. मयुरी हाक मारून उठायची नाही. पाकीट फुटल्याचा आवाज आला की उठायची. दुसरं पाकीट माझ्यासाठी असायचं. हे सांगायला हवं, कारण तोवर माझ्यासाठी कुणी बाहेरून काही आणलं नव्हतं. पहिल्या दिवशी ते पाकीट मी फोडलंच नाही, ट्रंकेत ठेवून दिलं होतं.

रक्ताची तपासणी झाल्यावर मी बाबासोंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. आवाज चढवणं त्या माणसाच्या स्वभावातच नव्हतं.

"रक्तात साखर निघाली?"

"न्हाई. पण डॉक्टरबाई म्हणाल्या—"

"न्हाई न्हवं? मग झालं तर."

"अहो, पाकिटं तेवढी आणू नका. माझं पण नको."

त्यांनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाले, "खातीय तोवर बरी हाय पोरगी. तू ह्यात पडू नको, शालन." आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

तरी मी पडलेच. सकाळी चहा-खारीच्या जागी भाकरी दुधात कुस्करून द्यायला लागले, आणि स्वतःही तेच खायला लागले. डब्यात मटकीची उसळ घातली. मयुरी सगळं खायची, ताट चाटूनपुसून, आणि मग दोन दारं सोडून आत्याकडं जायची. गादीखाली पाकिटांचे चकचकीत कागद सापडायला लागले. ती दुप्पट खायला लागली होती, माझं पण आणि त्यांचं पण.

एका दुपारी शाळेतून आल्यावर जेवताना तिनं तिसऱ्यांदा भातासाठी ताट पुढं केलं. मी अगदी सहज म्हटलं, "जरा थांब, बाळा. पाणी पी. अजून भूक आहे असं वाटलं तर देते की."

 हट्टी पोरं पाय आपटून रडतात, तशी ती रडली नाही. भ्यालेलं जनावर जसं मागं मागं सरतं तशी ताट धरून मागं सरली, आणि उष्ट्या हातानं तशीच दारातून पळाली. मला काहीच समजलं नाही.

कुठं पळाली ते कळलं हौसाक्कांच्या आवाजानं; त्या दिवशी त्या कामावरून लवकर आल्या होत्या. सगळ्या गल्लीनं ऐकलं.

"शालन! ए शालन! भाईर ये!"

मी उंबऱ्यात आले. वन्संनी मयुरीला पदरात गुंडाळलं होतं. आजूबाजूची दारं एकेक करून उघडली.

"तुला पोटचं न्हाई म्हणून दुसरीच्या लेकराच्या तोंडातला घास काढतीस व्हय गं?"

"वन्सं, मी फक्त थांब म्हटलं. डॉक्टरबाईंनी—"

"डॉक्टरनं सांगितलं, उपाशी मार म्हणून? नवा धंदा काढलाय! आजपर्यंत आमच्या घरात कुणी लेकराचं ताट मागं ओढलं न्हाई. सावत्र ती सावत्रच!"

समोरची एक बाई हळूच म्हणाली, "पोरगी वाळाय लागलीय खरी." मयुरी तसूभरही वाळली नव्हती.

आवाजानं बाबासो उठून बाहेर आले. त्यांनी बहिणीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. मी वाट बघत राहिले, आता काहीतरी बोलतील.

"ऱ्हाऊ दे चार दिवस अक्काकडं," एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी ते पाळीला गेल्यावर घर खायला उठलं. शेजारचे माग खडखडत होते आणि मी एकटी भाकरीच्या पिठाच्या डब्यासमोर बसून होते. एकदा उठून पिशवीही काढली. जतची गाडी कितीला असते ते मला ठाऊक होतं. पण माहेरी जाऊन सांगणार काय? पहिल्या घरी मूल झालं नाही म्हणून परत आले. दुसऱ्या घरी होतं ते पळालं म्हणून? आणि खरं सांगायचं तर मला त्या पोरीची आठवण यायला लागली होती. ती दोनच दारं पलीकडं होती, तरी.

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, घराचं जेवण बदला. पण माझं घर तर उठून तिकडं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी वन्सं कामावरून यायच्या वेळेला मी परात घेतली, त्यात पिठाचा डबा ठेवला, मोड आलेली मटकी ठेवली, वर चार कांदे ठेवले, आणि त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांच्याकडं गॅस नव्हता. मागच्या पडवीत चूल होती.

"काय हाय?"

"स्वयंपाक करायचाय."

"तुझी चूल मोडली काय?"

"माझ्या चुलीवर कुणासाठी करू, वन्सं? जेवणारी माणसं हितं हाईत."

 मी त्यांच्या बाजूनं आत शिरले आणि चुलीपुढं बसले. मयुरी खांबाआडून बघत होती. वन्सं कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माझ्या तव्याला हात लावशील तर बघ."

"बरं. पीठ तरी मळते."

मी पीठ मळायला लागले. माझ्या गावाकडं बाजरीचा हात. इकडच्या शाळू ज्वारीच्या पिठाला माझा हात अजून बसला नव्हता. पहिली भाकरी थापली ती कडेनं चिरली. दुसरी परातीतच तुटली. वन्संना ते बघवेना.

"भाकरी अशी थापत्यात व्हय? गोवऱ्या थापाय लागलीस काय? सरक!"

मी सरकले. त्यांनी पाणी लावून पीठ पुन्हा रगडलं आणि अशी भाकरी थापली की परातीत चंद्र उतरला. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, चुलीच्या तोंडाशी उभी केली. फुग्यासारखी टम्म फुगली. खांबाआडून मयुरी कधी जवळ आली ते दोघींनाही कळलं नाही.

"आत्या, मला शिकव की."

"हात धू आधी."

त्या दिवशी आम्ही तिघींनी भाकरी आणि मटकीची उसळ खाल्ली. वन्सं माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पण निघताना परात मी उचलायला लागले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे हितंच. रोज कोण वागवणार?"

मग ते रोजचंच झालं. दिवस मावळायच्या आत मी जायची. बाबासो पाळीवर जाण्याआधी तिथंच जेवून जायला लागले. मान खाली घालून जेवायचे. वन्संना हळूहळू त्यांच्या आईच्या हातचं एकेक आठवायला लागलं. हुलग्याचं माडगं, तांदळीची भाजी, ताकातली आंबील. मला म्हणायच्या नाहीत, मयुरीला ऐकवायच्या, "आम्ही लहान असताना खारी-बिरी काय ठावं न्हवतं. शिळी भाकरी, वर कच्चं तेल न् चटणी." पण कामावर जाताना पोरीच्या हातात पुडा ठेवायचं त्यांनी सोडलं नव्हतं, आणि सकाळची पाकिटंही चालूच होती, फक्त आता ती बाबासो अक्काच्या दारात नेऊन द्यायचे. मी त्यावर काही बोलत नव्हते. 

एका संध्याकाळी आमचं तिघींचं जेवण झालं होतं. बाबासो आधीच जेवून पाळीला गेले होते आणि वन्सं सकाळसाठी शेवटच्या भाकऱ्या करत होत्या. मयुरीनंही एक लहानशी थापली होती. ती तव्यावर तुटली आणि तिचे दोन तुकडे झाले. तिनं ते ताटात घेतले आणि खायला बसली. पहिला घास तोंडात घालताना तिला उचकी लागली. पोट इतकं भरलं होतं की तिला नीट बसवत नव्हतं.

मी जवळ सरकून विचारलं, "भूक लागलीय अजून?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग ठेव की. सकाळी खाशील."

"खाल्लं पायजे."

"का गं?"

ती आत्याकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "न्हाई खाल्लं तर मरत्यात."

"कुणी सांगितलं तुला असं?"

"सांगायचं काय त्यात? आई मेली की." तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "सगळी तिला म्हणायची, जेव लता, न्हाईतर मरशील. बाबा म्हणायचं. आत्या तर रोज म्हणायची. पण ती जेवायचीच न्हाई. मग मेली." तिनं भाकरीचा दुसरा तुकडा उचलला. "त्या दिवशी तू थांब म्हणालीस, तवा मला लई भ्या वाटलं."

तव्यावरची भाकरी जळायला लागली. वास पडवीभर पसरला, धूर झाला. वन्सं तव्यासमोरच बसल्या होत्या, पण त्यांना काही दिसत नव्हतं. मीच उठून भाकरी काढली.

वन्संनी हात धुतले. पदराला पुसले. मग मयुरीला ओढून मांडीवर घेतलं. गुडघेदुखीची बाई ती, आणि पोरगी चांगली वजनदार, पण घेतलं.

"ऐक माझं, मयू. नीट ऐक. तुझी आई जेवली न्हाई म्हणून मेली न्हाई."

"मग?"

"तिच्या छातीत रोग शिरला होता. त्या रोगानं तिला न्यायचं ठरवलं होतं, म्हणून तिच्या घशाखाली घास उतरत न्हवता. जेवली असती तरी ती गेली असती, बाळा. तिचा काय दोष न्हवता."

"मग तू रोज म्हणायचीस ते?"

हौसाक्कांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "आत्या खुळी. डोळ्यांदेखत माणूस चाललं होतं न् आत्याला दुसरं काय बोलावं ते सुचत न्हवतं. म्हणून आपलं जेव, जेव."

मयुरीला उचक्या अजून येतच होत्या.

"म्हंजे एक दिवस न्हाई जेवलं तर?"

"तर दुसऱ्या दिवशी दुप्पट भूक लागंल. मरत न्हाई कोण."

"आणि मावशीनं भात दिला न्हाई तर?"

वन्संनी पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. भांडण झाल्यापासून पहिल्यांदा.

"ती तुला काय होऊ देणार न्हाई, पोरी," त्या म्हणाल्या. "म्हणून तर एवढं ऐकून घेऊन माझ्या दारात परात घेऊन बसलीया."

सकाळी बाबासो आले तेव्हा वन्सं कामावर न जाता आमच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. मयुरी आत झोपली होती; रात्री तिला आम्ही घरी आणलं होतं.

"बाबू, ते खिशातलं हिकडं आण."

"काय?"

"पाकिटं. आण. आणि बस हितं."

त्यांनी भावाला सगळं सांगितलं. मी दाराच्या आत उभी होते. बाबासो पायरीवर बसले, केसांतले सुताचे तंतू बोटांनी ओढत.  वन्सं म्हणाल्या, "अरं, काहीतरी बोल की."

"अक्का, शेवटी शेवटी लताला दवाखान्यात मीच उचलून न्यायचो," ते म्हणाले. "कांड्यांची पाटी जड असती तिच्यापरीस. नुसत्या काड्या. हातात काय हाय असं वाटायचंच न्हाई." ते थांबले. "मयूला उचलली की हातात जड लागती. बरं वाटतं जिवाला. वाटतं, ही न्हाई जायाची कुठं."

वन्संनी पदर तोंडाला लावला. मी आतून पाण्याचा तांब्या आणून बाबासोंपुढं ठेवला.

पाणी पिऊन ते मला म्हणाले, "शालन, डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या, परत सांग. सगळं."

मी सगळं सांगितलं. यावेळी त्यांनी भिंतीकडं तोंड केलं नाही. शेवटी म्हणाले, "आईच्यान, मला पटतंय. पण मी रात्रभर कामाला. पोरगी दिसती ती सकाळच्या घटकेला. तवा मोकळ्या हातानं येऊ व्हय तिच्याकडं?"

याला उत्तर वन्संकडं होतं.

"येताना पेरू आण. शेंगा आण. न्हाई मिळालं कायबी, तर तू ये. आल्या आल्या पालथा पडतोस तसा पडू नको. पोरीला हाताला धरून शाळेत सोडून ये, मग झोप."

तेव्हापासून रोज सकाळी आमच्या गल्लीतून ती दोघं निघायची. बाप झोपेनं पेंगत, डोळे अर्धे मिटलेले, आणि लेक त्याला हाताला धरून ओढत, वर्गातल्या गोष्टी सांगत. शाळा तशी लांब होती. आधी रस्त्यात दोनदा थांबावं लागायचं तिला. पुढं पुढं बापच मागं राहायला लागला.

सगळं एका दमात सरळ झालं नाही. मध्येच ती मैत्रिणीच्या वाढदिवसाला जाऊन पोट फुटेस्तोवर खाऊन आली. शुक्रवारच्या बाजारादिवशी भजी आम्ही ठेवलीच; चौघांनी मिळून, उभ्यानं, गाड्यावर. वन्सं मात्र एकदा एखाद्या गोष्टीच्या मागं लागल्या की लागल्या. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला त्यांनी दम भरला, "माझ्या मयूला पाकीट दिलंस तर दुकानापुढं बसून बोंब मारीन." तो बिचारा पुढं मयुरीला बघूनच फुटाण्याची बरणी पुढं सरकवायचा. पोरं खेळायला घेत नाहीत म्हणून मयुरी एक दिवस रडत आली, तर वन्संनी पदर खोचला, भर गल्लीत तिचे दोन्ही हात धरले आणि फुगडीला सुरुवात केली. साठीची बाई आणि ती गरगरीत पोरगी! सगळी गल्ली हसून लोळली. पण फुगडी बघून चार पोरी पुढं आल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या मयुरीला बोलवायला दारात आल्या. वन्सं तीन दिवस कमरेला तेल चोळत होत्या.

पुढच्या वर्षी डॉक्टर मगदूमबाईंनी तिला काट्यावर उभं केलं. वजन जवळजवळ तेवढंच होतं, उंची मात्र झटक्यानं वाढली होती. "असंच हवं," त्या म्हणाल्या, "आता उंची वजनाला गाठत जाईल." मानेचा पट्टा फिकट होत चालला होता, मी तो पुन्हा कधी घासला नाही. मयुरी तशी बारीक कधीच झाली नाही, हाडानं बापासारखीच थोराड. आता ती सांगलीला नांदते, शिवणाच्या कारखान्यात कामाला जाते, आणि स्वतःच्या पोराला डब्यात काय दिलं ते मला फोनवर सांगते.

पण मला सांगायचीय ती डॉक्टरबाईंनी तिला पुन्हा काट्यावर उभं केलं त्याच वर्षीच्या भोगीच्या दिवसाची गोष्ट. बाबासोंना सुट्टी होती. दुपारी वन्संच्या पडवीत आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, आणि ती मात्र माझ्या हातची; भोगीची भाजी, वाटीत लोणी. बाहेर पोरी लंगडीचे डाव मांडत होत्या. मयुरीनं दोन भाकऱ्या भाजीबरोबर चवीनं खाल्ल्या, बोटं चाटली. बाबासोंनी टोपल्यातून तिसरी काढली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि सवयीनं तिच्या ताटाकडं हात नेला.

मयुरीनं ताटावर हात आडवा धरला.

"बास, बाबा. पोट भरलं माझं."

मी त्या घरात आल्यापासून तिच्या तोंडून तो शब्द कधी ऐकला नव्हता. बाबासोंचा हात भाकरीसकट तसाच राहिला. लोणी वितळून कडेला ओघळायला लागलं. त्यांनी बहिणीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बास म्हणतीया," ते म्हणाले.

"ऐकलं मी," वन्सं म्हणाल्या, आणि लगेच डोळे पुसत मयुरीवर खेकसल्या, "मग बसलीस काय? ऊठ! हात धू न् पळ, पोरी खोळंबल्यात."

मयुरी उठली. चूळ भरली न भरली आणि पडवीच्या पायऱ्या उडी मारून उतरली. बाबासो ती गेली त्या दिशेला थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी ती लोण्याची भाकरी मोडली, अर्धी माझ्या ताटात ठेवली, अर्धी स्वतःच्या, आणि आम्ही तिघं पुन्हा जेवायला लागलो.